कारवानी पिल्लाला दात दाखवायला शिकवताना

कारवानी या शिकारी कुत्र्याच्या जातीचं चांगलं पिल्लू डॉग शोच्या रिंगमध्ये पळतं देखणं, उभंही राहतं देखणं, आणि जजचा हात तोंडाशी आला की मान मागे ओढतं. हँडलर, म्हणजे त्याला रिंगमध्ये घेऊन आलेला माणूस, पट्टा आवळतो, जज पुन्हा हात पुढे करतो, पिल्लू आणखी मागे सरतं, पाठीला पोक काढतं, आणि मेहनतीने बसवलेला स्टॅक, म्हणजे तपासणीसाठी स्थिर उभं राहण्याची ढब, दोन-तीन सेकंदांत विस्कटतो. पिल्लू हट्टी आहे, भित्रं आहे, असा शिक्का लगेच बसतो. खरं कारण बहुतेकदा साधं असतं. आजवर ज्या हाताने त्याच्या तोंडाला स्पर्श केला, त्याने एक तर जंताचं औषध ओतलं, नाही तर तोंडातली चप्पल हिसकावली.

कारवानीच्या बाबतीत त्यात स्वभावाची भर पडते. ही जात घरच्या माणसांशी घट्ट आणि परक्यापासून अंतर राखून असते. परक्याने अंगाला हात लावणं तिला मुळात रुचत नाही. लॅब्रॅडोरचं पिल्लू जे आठवडाभरात हसतखेळत पार करतं, त्याला कारवानीत दीड-दोन महिने धरून चाला. म्हणून सुरुवात पिल्लू घरी आल्या आठवड्यापासूनच करावी, पहिल्या शोची एंट्री भरल्यावर नव्हे.

जजला नेमकं काय बघायचं असतं हे आधी समजून घेतलं तर पिल्लाला काय शिकवायचं ते आपोआप ठरतं. पहिली गोष्ट म्हणजे बाइट, म्हणजे तोंड मिटलेलं असताना पुढचे पटाशीचे दात एकमेकांवर कसे बसतात. कारवानीत सिझर बाइट हवी: वरच्या दातांची आतली बाजू खालच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला घासून बसते, मध्ये फट राहत नाही. कडेवर कडा टेकली तर ती लेव्हल बाइट, वरचा जबडा पुढे गेला तर ओव्हरशॉट, खालचा पुढे आला तर अंडरशॉट. बॉक्सर, बुलडॉग, पग यांच्यात अंडरशॉटच अपेक्षित असते, कारवानीत तो दोष. दुसरी गोष्ट दोन्ही बाजूंच्या उपदाढा, म्हणजे सुळ्यांच्या मागचे आणि दाढांच्या पुढचे दात, जागच्या जागी आहेत की मध्ये एखादी कमी आहे ते. तिसरी, आणि ती सगळ्या जातींत तितक्या बारकाईने बघितली जात नाही, म्हणजे तोंड उघडून मागच्या दाढा. डोबरमन, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड यांच्यात दात अक्षरशः मोजले जातात, कारण पूर्ण ४२ दात ही त्या जातींत मोठी अट आहे. वर २०, खाली २२. ज्यांचं पिल्लू या जातींचं आहे त्यांनी पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी जास्त वेळ टिकवण्याची तयारी ठेवावी.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा की पहिल्या दोन गोष्टींसाठी तोंड उघडायचंच नसतं. ओठ उचलायचा असतो. घरी सराव करताना लोक जबडा धरून फाकवतात. पिल्लू घाबरतं, आणि वर बाइट दिसतच नाही. तोंड थोडं जरी उघडं राहिलं तरी खालचा जबडा खाली आणि मागे सरकतो, मग चांगली सिझर बाइटही ओव्हरशॉटसारखी वाटू शकते. मिटलेलं तोंड, सैल जबडा, उचललेला ओठ. एवढंच शिकवायचं.

शब्द, हात, खाऊ: याच क्रमाने

बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. एका हातात चिकनचा तुकडा नाकासमोर धरायचा आणि पिल्लू तिकडे बघत असताना दुसऱ्या हाताने ओठ उचलायचा, अशी पद्धत सर्रास दिसते. काही दिवसांतच तो तुकडाच धोक्याची सूचना होतो: खाऊ दिसला म्हणजे आता तोंडाला हात लागणार. मग पिल्लू खाऊ बघूनच मान फिरवायला लागतं.

क्रम उलटा हवा. आधी एक ठरलेला शब्द, समजा ‘दात’. अर्धा सेकंद थांबा. मग हात. हात मागे घेतल्यावर ‘हां’ अशी छोटी खूण, क्लिकर (दाबल्यावर टिक् वाजणारं छोटं साधन) वापरत असाल तर क्लिक, आणि त्यानंतर खिशातून किंवा कंबरेच्या पिशवीतून खाऊ. खाऊ आधी दिसता कामा नये. शब्द सांगून हात लावल्याने अचानकपणा जातो. पिल्लू दचकतं ते स्पर्शाला कमी आणि स्पर्श कधी होईल हे न कळण्याला जास्त.

खाऊ म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. मोठा तुकडा चघळण्यात वेळ जातो आणि दातांना लगदा चिकटतो. दिवसाच्या एकूण आहाराच्या १० टक्क्यांच्या वर हा खाऊ जाऊ देऊ नये. पिल्लांचं पोट लगेच बिघडतं. शेंगदाण्याचं बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना हे बघा, ते कुत्र्यांना विषारी आहे. मनुके, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही.

वेळ म्हणाल तर एका बैठकीत पाच-सहा वेळा स्पर्श, सगळं मिळून दीड मिनिट, दिवसातून दोनदा. पिल्लू आणखी करायला तयार असतानाच थांबायचं.

हनुवटीपासून ओठापर्यंत

सुरुवात ओठापासून करू नका. पहिले आठ-दहा दिवस फक्त हनुवटी. तळहात पसरून पिल्लाच्या हनुवटीखाली, दोन बोटांच्या अंतरावर धरा आणि थांबा. हात वर नेऊन हनुवटीला टेकवायचा नाही. पिल्लाने आपणहून हनुवटी हातावर टेकवली पाहिजे. सुरुवातीला नुसता स्पर्श झाला तरी ‘हां’ आणि खाऊ. मग एक सेकंद, दोन, पाच, असं वाढवत दहा सेकंदांपर्यंत. या पायरीवर वेळ घालवणं अनेकांना वाया गेल्यासारखं वाटतं, पण सगळ्या प्रशिक्षणाचा कणा हाच आहे. हनुवटी टेकलेली आहे तोवर पिल्लाची संमती आहे, उचलली की नाही. तोंडाची तपासणी आपण हवी तेव्हा थांबवू शकतो हे पिल्लाला एकदा कळलं की ते फार क्वचित थांबवतं.

हनुवटी पक्की झाली की दुसरा हात आणा. वरून नाही, डोळ्यांसमोरून नाही. गालाच्या बाजूने, खालून. आधी गालाला बोटाचा स्पर्श आणि लगेच मागे. मग नाकाच्या दांड्यावर दोन बोटं. मग अंगठ्याने वरचा ओठ जेमतेम सेंटिमीटरभर उचलायचा, सुळा दिसला की सोडायचा. दोन-तीन दिवस एकच बाजू, मग दुसरी. एखाद्या बाजूला पिल्लू सतत जास्त कुरकुरत असेल तर तिकडच्या हिरड्या नीट बघा. लागलेलं, सुजलेलं, अडकलेलं काहीतरी असू शकतं.

कारवानीचा जबडा लांब आणि निमुळता, ओठ पातळ आणि घट्ट बसलेले. याचा फायदा असा की ओठ थोडा उचलला तरी दात स्वच्छ दिसतात. तोटा असा की अख्खा जबडा मुठीत मावतो, आणि हँडलर तो मुठीत धरतातच. मूठ आवळली की तीन गोष्टी एकदम होतात: नाकपुड्या झाकल्या जातात, ओठ दातांवर दाबले जाऊन आतून चिमटतात, आणि तळहात डोळ्यांवर येतो. कुठलंही पिल्लू यावर मान झटकणारच. धरायचं ते बोटांच्या टोकांनी. एक हात हनुवटीखाली, त्याच हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ किंचित खाली. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नाकाच्या मागे दोन बाजूंना, त्यांनी वरचा ओठ वर. नाकपुड्या मोकळ्या, डोळे मोकळे. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा लोंबत्या ओठांच्या जातींत ओठाची घडी करून वर धरावी लागते आणि लाळही सांभाळावी लागते. त्या मानाने कारवानीचं काम हलकं.

समोरची बाइट दोन सेकंद, मग मान हलकेच एका बाजूला वळवून ओठाचा कोपरा मागे आणि वर, उपदाढा दिसेपर्यंत, दोन-तीन सेकंद; मग दुसरी बाजू. नेहमी याच क्रमाने. पुढे काय येणार आणि कधी संपणार हे पिल्लाला माहीत असलं की ते स्वस्थ राहतं.

तोंड उघडणं सर्वांत शेवटी, आणि तेही वरचं सगळं सवयीचं झाल्यावर. एका हाताची बोटं वरच्या सुळ्यांच्या मागे, जिथे दातांत मोकळी जागा असते तिथे. दुसऱ्या हाताचं बोट खालच्या पटाशीच्या दातांवर ठेवून जबडा सावकाश खाली. ओठ दातांखाली अडकत नाही याकडे लक्ष. एक सेकंद उघडलं की पुरे. जबडा घट्ट मिटून धरलेल्या पिल्लाशी झटापट करू नये. हनुवटीच्या पायरीवर परत जावं.

दात बदलतानाचे दोन-तीन महिने

सगळ्यात जास्त नुकसान याच काळात होतं, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण साडेतीन ते चार महिन्यांत पटाशीचे दात पडायला लागतात, पाच-सहा महिन्यांत सुळे आणि उपदाढा बदलतात, शेवटच्या दाढा सहा-सात महिन्यांपर्यंत येतात. लहान पिल्लांच्या वर्गात उतरणारी पिल्लं बरेचदा नेमकी याच वयाची असतात. हिरड्या लाल, सुजलेल्या, दात हलते. तशात परक्या माणसाने ओठ दाबून धरला तर खरंखुरं दुखतं, आणि ते दुखणं पिल्लू जजच्या वाकण्याशी, त्याच्या वासाशी, रिंगच्या गालिच्याशी जोडून टाकतं. पुढे दात पक्के झाल्यावर दुखत काहीच नाही, तरी मान मागे जाते.

या काळात हनुवटी टेकवणं आणि गालाला स्पर्श रोज चालू ठेवा, ओठ उचलणं आठवड्यातून एक-दोनदाच, आणि तेही झटकन. हलत्या दाताला बोट लावू नका, ओढून काढायचा मोह तर नकोच. ओला सुती फडका पिळून फ्रीझरमध्ये ठेवलेला किंवा थंडगार गाजर चावायला द्या. मटणाची नळी, शिंगं, वाळलेली खुरं देऊ नका. इतक्या कडक वस्तूंनी दाढेचा टवका उडतो, वरची चौथी उपदाढ तर हमखास. दोरीची ओढाताणही या दिवसांत बंद, किंवा फार हलक्या हाताने.

त्या वेळी एकच गोष्ट मुद्दाम बघायची असते: नवा सुळा वर आला आणि दुधाचा सुळा अजून पडलेला नाही, असं आहे का. वरचा पक्का सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढच्या बाजूला येतो, खालचा आतल्या बाजूला. दोन्ही सुळे शेजारी शेजारी दिसले तर ‘पडेल आपोआप’ म्हणत बसू नये, त्याच आठवड्यात पशुवैद्यांना दाखवावं. दुधाचा सुळा अडून बसला तर खालचा पक्का सुळा आत वळून टाळूला टोचू शकतो. पॉमेरेनियन, डॅशहंड अशा लहान जातींत हे जास्त दिसतं, पण लांब जबड्याच्या जातींनीही गाफील राहू नये. आणि बाइटबद्दल: पाचव्या महिन्यात किंचित फट दिसली म्हणून पिल्लाला लगेच बाद ठरवू नका. दोन्ही जबडे एकाच वेगाने वाढत नाहीत, वाढ पूर्ण होईपर्यंत थोडा फरक पडत राहतो.

माझं स्पष्ट मत असं की दात बदलत असताना हात लावणाऱ्या परीक्षेसाठी कारवानी पिल्लाला रिंगमध्ये उतरवूच नये. लसीकरण पूर्ण झालं असेल तर शोच्या मैदानावर जरूर न्यावं. गर्दी, लाउडस्पीकर, इतर कुत्री, सगळं कडेला बसून बघू द्यावं. एंट्री पुढच्या शोला भरता येते.

परका हात

घरात सगळं सुरळीत झालं म्हणजे निम्मं काम झालं. कारवानीचा खरा कस परक्यापाशी लागतो. इथे एक नियम कसोशीने पाळा: परक्याने खाऊ द्यायचा नाही, खाऊ हँडलरच देणार. परक्याच्या हातात खाऊ असला की पिल्लू लोभाने जवळ जातं, खाऊ संपतो, आणि मग त्याला कळतं की आपण नको तितके जवळ आलो आहोत. तिथून ते झटक्याने मागे येतं, आणि परका माणूस होता त्याहून जास्त संशयास्पद होतो.

मदतीला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी नुसतं तीन-चार पावलांवर येऊन उभं राहायचं आणि परत जायचं. प्रत्येक वेळी हँडलरकडून खाऊ. मग जवळ येऊन खांद्याला स्पर्श. मग हनुवटी. ओठ चौथ्या-पाचव्या भेटीत, आणि हँडलरचं ‘दात’ ऐकल्यावरच. माणसं वेगवेगळी हवीत: पुरुष, बाई, दाढीवाला, चष्मेवाला, टोपीवाला, साडीतली, ब्लेझरमधली. जज वाकतो तेव्हा त्याचा टाय किंवा गळ्यातलं ओळखपत्र पिल्लाच्या तोंडासमोर लोंबतं. त्याचाही सराव हवा. हाताला लावायच्या सॅनिटायझरचा वास बऱ्याच पिल्लांना खटकतो. सरावाच्या वेळी मदतनीसाने तो लावून, पूर्ण वाळू देऊन मग हात पुढे करावा. ओला राहिला तर सुजलेल्या हिरड्यांना चुरचुरतो. दुसऱ्या कुत्र्याला हात लावून आलेल्याने हात धुतलेच पाहिजेत. लहान मुलांना या सरावात घेऊ नका.

पिल्लू काय सांगतंय ते वाचत राहा. नाक चाटणं, अवेळी जांभई, कान मागे, एक पाय उचलणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं: इथेच हात मागे घ्यावा आणि पुढच्या वेळी दोन पायऱ्या खाली उतरावं. एकदम दगडासारखं स्तब्ध होणं हे शांतपणाचं लक्षण समजलं जातं. ते उलट सर्वांत गंभीर आहे, त्याच्या पुढची पायरी दात लागण्याची असते. गुरगुरल्याबद्दल पिल्लाला कधीही मारू किंवा रागावू नका. मार खाल्लेलं पिल्लू गुरगुरणं सोडतं, चावणं नाही; फक्त पूर्वसूचना मिळेनाशी होते. आणि कोणाला दात लागलाच तर लस झालेलं पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नका: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच डॉक्टरकडे जायचं.

रिंगमध्ये

कारवानी जमिनीवरच तपासली जाते, टेबलावर नाही, त्यामुळे जज वरून वाकतो. हा सराव गवतावर, गालिच्यावर, सिमेंटवर, तिन्हीकडे करा. पूर्ण क्रम लावा: स्टॅक, समोरून येणारा माणूस, डोकं, दात, मग मानेवरून खांदा, छाती, पाठ, मागचे पाय, नर असेल तर वृषणंही. नुसत्या दातांचा सराव झालेली पिल्लं दात दाखवून झाल्यावर खाऊसाठी वळतात आणि स्टॅक मोडतात. सरावाच्या शेवटच्या टप्प्यात म्हणून खाऊ दातांनंतर न देता संपूर्ण तपासणी झाल्यावर द्यावा.

काही जज स्वतः ओठ उचलतात, काही हँडलरला दाखवायला सांगतात. दोन्हीची तयारी हवी. स्वतः दाखवताना हँडलर इतका पुढे वाकतो की त्याचंच डोकं जजच्या आड येतं. कंबर मागे ठेवून हात लांब करा आणि जज कुठून बघतोय तिकडे तोंड वळवा. जज स्वतः बघणार असेल तर पट्टा कानामागे उंच पण सैल. पट्टा ताणला की श्वास अडतो, आणि मान मागे ओढण्याचं निम्मं कारण आपणच पुरवतो. रिंगमध्ये जाण्याआधी पाच मिनिटं खाऊ बंद, एक घोट पाणी, आणि ओल्या नॅपकिनने ओठ पुसून घ्या.

एखाद्या जजने घाईत, जरा रगडून तोंड तपासलं आणि पिल्लू बिचकलं, तर तिथल्या तिथे पुन्हा पुन्हा ओठ उचलून ‘बघ, काही नाही’ असं पटवू नका. त्या दिवशी तोंडाला हातच नको. दुसऱ्या दिवसापासून घरी हनुवटीवर परत या. पिल्लाने आपणहून हनुवटी टेकवली की मग गाल, मग ओठ. परक्या माणसांचा सराव मात्र किमान आठवडाभराने, आणि ज्याच्यावर पिल्लाचा सर्वांत जास्त विश्वास आहे अशा माणसापासून सुरू करा.